काढून परत टाकलं

नेरडीगोंड्यात कॉम्प्युटर अडला की पहिला सल्ला ठरलेला असतो: काढून परत टाक. प्रिंटर छापत नाही, काढून परत टाक. अंगठ्याचं मशीन ओळख पटवत नाही, काढून परत टाक. सल्ला देणारी माणसं अडाणी नसतात. हायवेच्या कडेला झेरॉक्सच्या दुकानात, दाखल्यांचे अर्ज भरणाऱ्या केंद्रात, शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी ती माणसं आहेत, आणि बहुतेक वेळा या सल्ल्यानं त्यांचं काम होतंही. त्या दिवसापुरतं होतं. काही महिन्यांनी त्याच मशीनवर जे निस्तरावं लागतं ते माझ्या वाट्याला येतं. त्याबद्दलच मला लिहायचं आहे.

तेलंगणात निर्मल आणि आदिलाबादच्या मधल्या या पट्ट्यात मी मशीन सांभाळतो. मुक्काम नेरडीगोंड्याला, फेऱ्या इचोडा आणि बोथपर्यंत. मूळ घर इस्लापूरचं. ते आज महाराष्ट्रात, नांदेड जिल्ह्यात येतं, पण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत इस्लापूर सर्कल बोथ तालुक्यातच होतं. त्यामुळं इथं मराठी बोलायला माणूस शोधावा लागत नाही. काउंटरवरची भाषा तेलुगू, बऱ्याच घरांतली मराठी, बाजारात गोंडी, लंबाडी, उर्दू सगळंच कानावर पडतं. कॉम्प्युटरबद्दल मात्र सगळे एकाच भाषेत बोलतात: सेटप मारला, ड्रायव्हर टाकला, फॉरमॅट केला.

मशीन पुष्कळ आणि हात माझे एकट्याचे. म्हणून प्रत्येक मशीनसमोर बसून नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश करणं मी सोडलं आणि पॅकेज मॅनेजर वापरायला लागलो. पॅकेज मॅनेजर हाही एक प्रोग्रामच. त्याला सॉफ्टवेअरचं नाव सांगायचं. तो ठरलेल्या जागेवरून ते आणतो, फाईल अस्सल आहे का ते पडताळतो, बसवतो आणि आपल्याकडं नोंद करून ठेवतो. नंतर एक आज्ञा दिली की नोंद बघून जे जुनं झालं असेल ते सगळं नवं करतो. लिनक्सवर ही सोय नव्वदच्या दशकापासून आहे. डेबियनची सुरुवात इयन मर्डॉकनं १९९३ मध्ये केली आणि त्याचा डीपीकेजी हा पॅकेज मॅनेजर इयन जॅक्सननं १९९४ मध्ये सी भाषेत नव्यानं लिहिला. आजचा उबुंटू त्याच पायावर उभा आहे. विंडोजकडं हे फार उशिरा आलं. रॉब रेनॉल्ड्सनं चॉकलेटी काढलं ते २०११ मध्ये. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं विंगेट २०२० मध्ये जाहीर झालं आणि त्याची पहिली पक्की आवृत्ती २०२१ च्या मे महिन्यात आली. केंद्रांच्या मशीनवर माझ्याकडं काही ठिकाणी चॉकलेटी आहे, काही ठिकाणी विंगेट. शाळांत उबुंटू.

या सगळ्यांचा कारभार एका गृहीतावर चालतो: जे आलं ते माझ्या हातून आलं, जे गेलं ते माझ्या हातून गेलं. हे गृहीत नेरडीगोंड्यात टिकत नाही. खरं तर कुठंच टिकत नाही, पण इथं ते फार लवकर उघडं पडतं, कारण इथं इंटरनेट जातं, लाईट जाते आणि काउंटरसमोरची रांग मात्र जात नाही.

जूनमध्ये प्रवेशाचे दिवस सुरू झाले की जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी सकाळपासून माणसं येऊन बसतात. कुणी कुंटाल्याकडच्या पाड्यावरून दोन वाहनं बदलून आलेलं असतं. अशा एका सकाळी एका केंद्रातल्या मुलीकडं वरच्या कार्यालयातून नमुन्यांची एक आरएआर फाईल आली आणि ती उघडेना. मशीनवर विनरार होतं, विंगेटनं टाकलेलं, नोंदीत असलेलं, पण काहीतरी बिघडलं होतं. नेट चालत नव्हतं, म्हणून मला दुरून मशीनवर येता येत नव्हतं आणि तिला नवा सेटप उतरवता येत नव्हता. तिनं कंट्रोल पॅनलमधून विनरार काढलं, शेजारच्या दुकानातून पेनड्राइव्ह आणला आणि त्यातलं टाकलं. फाईल उघडली. रांग पुढं सरकली.

त्या पेनड्राइव्हवरचा सेटप कुणीतरी आधीच शिजवून ठेवलेला होता. असे सेटप आपल्याकडं हातोहात फिरतात. ते काही विचारत नाहीत, फायली नेऊन फोल्डरमध्ये ठेवतात, उजव्या क्लिकच्या मेनूत आपलं नाव घालतात आणि विंडोजच्या रेजिस्ट्रीत, जिथं बसवलेल्या प्रोग्रामची यादी असते, तिथं काहीच लिहीत नाहीत. अशा प्रोग्रामबाबत विंगेटची सगळी दृष्टी त्या यादीतून येते. तिथं ओळ नाही म्हणजे विंगेटच्या लेखी विनरार मशीनवर नाहीच. शनिवारी संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावर सगळं नवं करण्याची आज्ञा चालते. ती चालली आणि सगळं ताजं आहे असं उत्तर आलं. पुढच्या शनिवारीही तेच, त्याच्या पुढच्याही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये विनरारमधल्या एका भोकाची बातमी आली. आत साधं चित्र किंवा कागद दिसणाऱ्या फाईलवर क्लिक केलं की मागून भलतीच फाईल चालावी, असा तो दोष होता. एप्रिलपासूनच शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या लोकांवर त्याचा वापर होत होता. ६.२३ या आवृत्तीत तो बुजवला होता. विनरार स्वतःहून नवं होत नाही, म्हणून ही बातमी वाचल्यावर मी सगळ्या मशीनवर यादी काढली. या केंद्राच्या मशीनवर विनरारची ओळच नव्हती. म्हणजे प्रश्न मिटला, असं यादी पाहून कुणीही म्हटलं असतं. पण त्या मुलीनं माझ्यासमोरच एका फाईलवर उजवी क्लिक केली आणि मेनूत ती पुस्तकांच्या चळतीची छोटी खूण दिसली. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये जाऊन मूळ फाईलचे गुणधर्म उघडले, तपशिलाच्या पानावर गेलो. आवृत्ती पाचच्या मालिकेतली. कित्येक महिने रोज वरून येणाऱ्या फायली त्याच प्रोग्रामनं उघडल्या जात होत्या.

ती म्हणाली, "अन्ना, त्या दिवशी रांग होती, तुमचा फोन लागत नव्हता. मी काढून परत टाकलं. चालू झालं म्हणून परत सांगायचं राहिलं."

तिनं जे केलं ते त्या सकाळी योग्यच होतं. समोर माणसं उभी असताना नोंद खरी राहावी म्हणून कुणी काम थांबवत नसतं, आणि थांबवूही नये. या धंद्यातले शहरी लोक अशा वेळी वापरणाऱ्याला शिस्त लावायच्या गोष्टी करतात. मला ते पटत नाही. ज्या व्यवस्थेत तातडीचं काम करणाऱ्या माणसाला नोंदीच्या बाहेरूनच जावं लागतं, ती व्यवस्था अर्धीच बांधलेली आहे.

तेव्हापासून मी दुसऱ्या केंद्रांतही डिस्क आणि नोंद समोरासमोर ठेवून बघायला लागलो, आणि चॉकलेटी असलेल्या एका मशीनवर नेमका उलटा प्रकार सापडला. चॉकलेटी रेजिस्ट्रीच्या भरवशावर राहत नाही. ते आपल्या फोल्डरमध्ये प्रत्येक पॅकेजची स्वतःची नोंद ठेवतं आणि तीच प्रमाण मानतं. तिथं कुणीतरी पीडीएफ वाचायचा प्रोग्राम कंट्रोल पॅनलमधून काढून जुना टाकला होता. चॉकलेटीला पत्ता नव्हता. त्याच्या नोंदीत नवाच आकडा होता आणि बाजारातही तोच सर्वांत नवा होता, तेव्हा करण्यासारखं काही उरत नव्हतं. एकीकडं असलेली वस्तू नाही म्हणून सांगितली जात होती आणि दुसरीकडं नसलेली आवृत्ती आहे म्हणून. दोन्हीकडून उत्तर एकच येत होतं: सगळं ठीक.

विंगेटचा आणखी एक प्रकार इथं सांगायला हवा, कारण तो जास्त वेळा भेटतो. सेटप चांगला असला, रेजिस्ट्रीत ओळ लिहिणारा असला, तरी विंगेटला ओळख पटवावी लागते. ते नाव, बनवणारा आणि ओळख क्रमांक जुळवून बघतं. जुळलं तर यादीतल्या शेवटच्या रकान्यात कुठून आलं ते लिहितं, नाही जुळलं तर तो रकाना रिकामा सोडतं. रिकाम्या रकान्याची वस्तू नव्या आवृत्तीच्या हिशेबात येतच नाही. कधी आवृत्तीच कळत नाही आणि ती अज्ञात म्हणून दाखवली जाते. आणि समजा आधी एमएसआय प्रकारचा सेटप होता आणि माणसानं हातानं ईएक्सई प्रकारचा टाकला, तर विंगेट सांगतं की नवी आवृत्ती आहे, पण बसवण्याची तऱ्हा वेगळी आहे, आधी जुनं काढा. हे तरी प्रामाणिक आहे. पण शनिवारी संध्याकाळी आपोआप चालणाऱ्या आज्ञेचा तो संदेश वाचायला समोर कुणी नसतं.

केंद्र चालवणाऱ्यांना हे समजावताना मी जमिनीचं उदाहरण देतो आणि पुढं फार बोलावं लागत नाही. आपल्याकडं पांढऱ्या कागदावर जमिनीचे कितीतरी सौदे झाले. साधा बैनामा. पैसे दिले, चार साक्षीदार बसले, घेणारा शेतात उतरला आणि वर्षानुवर्षं कास्त करत राहिला. दप्तरात नाव मात्र विकणाऱ्याचंच राहिलं. २०१८ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांना मदत देणारी रैतु बंधू योजना सुरू झाली, एका हंगामाला एकरी चार हजार. पैसे ज्याच्या नावानं पासबुक त्याला. कापूस लावणारा एक, चेक घेणारा दुसरा. यात लबाडी प्रत्येक वेळी नव्हती. दप्तर आपल्याला जे सांगितलं गेलं तेच बोलत होतं. सरकारनं २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये असे बैनामे नियमित करायला अर्ज मागवले. त्याच २०२० च्या २९ ऑक्टोबरला जमिनीच्या नोंदींचं धरणी पोर्टल सुरू झालं, जुना कायदा जाऊन नवा आला, आणि या अर्जांचं प्रकरण हायकोर्टात गेलं. २०२५ च्या भू भारती कायद्यात त्यासाठी पुन्हा तरतूद करावी लागली. कबजा आणि पट्टा वेगळे झाले की पहिली काही वर्षं कुणालाच काही जाणवत नाही. दप्तराच्या आधारानं काहीतरी वाटायची वेळ आली की मगच जाणवतं. सॉफ्टवेअरमध्ये ती वाटायची वस्तू म्हणजे दुरुस्ती. ती नोंदीतल्या नावाला मिळते, डिस्कवरच्या प्रोग्रामला मिळत नाही.

मोठ्या प्रमाणावर हे डिसेंबर २०२१ मध्ये दिसलं. जावातल्या लॉगफोरजे या नोंदी लिहिणाऱ्या घटकात फार गंभीर दोष सापडला. जगभरच्या सर्व्हरवर लोकांनी आपापल्या पॅकेज मॅनेजरला आज्ञा दिली, त्यांनी आपल्याकडची प्रत नवी केली. पण हा घटक असंख्य प्रोग्रामच्या पोटात जार फाईल म्हणून बसलेला होता, आणि ते प्रोग्राम हातानं आणून ठेवलेले होते. त्या प्रतींची नोंद कुणाकडंच नव्हती. शेवटी लोकांना अख्ख्या डिस्क चाळून, जार फायली उघडून आत काय आहे ते बघावं लागलं.

लिनक्सच्या बाजूला परिस्थिती बरी आहे असं मी म्हणतो, आणि ते आवडीपोटी नाही. डीपीकेजीची नोंद साध्या मजकुराची एक फाईल असते. कुणीही उघडून वाचावी. प्रत्येक पॅकेजच्या नोंदीत स्थितीची एक ओळ असते आणि तिच्यात तीन शब्द: पहिला मालकाला काय हवंय ते सांगतो, दुसरा पॅकेज धड आहे की बिघडलेलं ते, तिसरा ते किती बसलं आहे ते. हवंय काय आणि आहे काय हे वेगळं लिहायचं ज्यांना त्या काळात सुचलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरी तिसरा शब्दसुद्धा डिस्ककडं बघून लिहिलेला नसतो. डीपीकेजीनं शेवटचं जे केलं त्याची ती आठवण असते.

एका मराठी माध्यमाच्या शाळेत हे अगदी अक्षरांवरच आलं. आदिलाबाद जिल्ह्यात मराठी शाळा आहेत, तिथल्या मशीनवर मराठी प्रश्नपत्रिका टाईप होतात. मराठीचा ल आणि श हिंदीच्या वळणापेक्षा वेगळे, मुलांनी पुस्तकात जे बघितलं तेच कागदावर दिसावं असा गुरुजींचा आग्रह, आणि तो रास्त आहे. लोहित हा मोकळा फॉन्ट पुण्यातल्या रेड हॅटच्या लोकांनी वर्षानुवर्षं जपला. डेबियन आणि उबुंटूत त्याचं मराठी वळणाचं वेगळं पॅकेज मिळतं. त्या शाळेत ते नव्हतं, नुसतं देवनागरीचं होतं. कुणा जाणत्या माणसानं मराठी वळणाची फाईल आणली आणि मूळ फॉन्टच्या फाईलवर, त्याच नावानं, त्याच जागी ठेवून दिली. वर्षभर ल आणि श हवे तसे आले.

मग फॉन्टच्या पॅकेजची नवी आवृत्ती आली. डीपीकेजीच्या लेखी ती फाईल त्याचीच होती. सेटिंगच्या फायली कुणी हातानं बदलल्या असतील तर तो थांबून विचारतो, तुमची ठेवू की माझी. फॉन्टसारख्या फायलींबाबत तो विचारत नाही, आपली टाकतो आणि पुढं जातो. सहामाहीच्या आदल्या दिवशी गुरुजींनी प्रश्नपत्रिका छापली आणि अक्षरं हिंदी वळणावर गेलेली. मॉनिटरवर बोट ठेवून त्यांनी मला ल दाखवला. "काल बरोबर होता सर, आम्ही कशाला हात लावला नाही." तेही खरंच होतं.

त्याच शाळेतल्या दुसऱ्या मशीनवर नवी आवृत्ती अजून पोचायची होती, म्हणून तिथं पडताळणीची आज्ञा देऊन बघितलं. ही आज्ञा प्रत्येक फाईलचा ठसा मूळ पॅकेजच्या ठशाशी ताडते. तिथं त्या फॉन्टच्या ओळीपुढं पाचाचा आकडा उमटला. ठसा जुळत नाही याची ती खूण. म्हणजे डीपीकेजीकडं जाऊन बघायची सोय आहे. बघा म्हणून सांगावं मात्र लागतं, स्वतःहून तो जात नाही. शाळेत मी मराठीचं पॅकेज टाकलं आणि गुरुजींकडचा आणखी एक फॉन्ट, जो कुठल्याच पॅकेजमध्ये मिळत नाही, तो यूएसआरच्या खालच्या लोकल या फोल्डरात ठेवला.

या लोकल फोल्डराबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण या सगळ्या गोंधळावरचा मला सर्वांत पटलेला उपाय तोच आहे. लिनक्सच्या फोल्डरांची मांडणी ठरवणाऱ्या नियमांत ही जागा त्या मशीनच्या माणसासाठी राखून ठेवली आहे. डेबियनच्या धोरणात स्पष्ट लिहिलंय की पॅकेजनं तिथं आपली फाईल ठेवायची नाही. आज्ञा शोधतानाही मशीन आधी इथं बघतं, मग पॅकेजच्या जागी, म्हणून माणसानं हातानं ठेवलेलं वरचढ राहतं. पॅकेज मॅनेजर इथलं काही नवं करत नाही, तसंच काही मोडतही नाही. हातानं टाकणारा माणूस असणारच आहे हे धरून आखलेली ही हद्द आहे. विंगेट मागून येऊन अंदाजानं ओळख पटवतं त्यापेक्षा ही रीत मला कितीतरी प्रामाणिक वाटते. त्या मोबदल्यात हातच्या वस्तूची दुरुस्ती तुमच्याच गळ्यात राहते, पण ते निदान आधी माहीत असतं.

पायथनच्या लोकांना ही हद्द आखायला बरीच वर्षं लागली. त्यांचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर पिप आणि डीपीकेजीकडून काम करून घेणारा डेबियनचा ॲप्ट एकाच घरात दोन कारभारी होते, एकानं ठेवलेलं दुसरा बदलत होता. २०१८ मध्ये पिपची दहावी आवृत्ती आली तेव्हा जुन्या पद्धतीनं बसवलेली काही पॅकेजं काढायला त्यानं सरळ नकार दिला: यातल्या कुठल्या फायली नेमक्या कुणाच्या, हे मला खात्रीनं सांगता येत नाही. अनेकांना तो अडथळा वाटला. मला तो संदेश वाचून बरं वाटलं होतं. पुढं २०२३ च्या जूनमध्ये डेबियनची बारावी आवृत्ती आली तिच्यात मशीनच्या पायथनवर खूणच मारून ठेवली की हा ॲप्टच्या ताब्यात आहे. पिप तिथं हात घालत नाही, स्वतःचं वेगळं वातावरण करा म्हणून सांगतो.

विंडोजवर अशी हद्द नाही. ती आपल्यालाच आखावी लागते, आणि ती कशी आखावी हे मला एका जुन्या जावानं शिकवलं. एका खात्याच्या पोर्टलवर डिजिटल सही करायला जावाची ठरावीक जुनी आवृत्तीच लागत असे. शनिवारी संध्याकाळी आज्ञा चालून जावा नवा व्हायचा, सोमवारी सकाळी सही व्हायची नाही, केंद्रातला मुलगा नवा काढून जुना टाकायचा, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पहिले पाढे. तो काय करतोय ते आज्ञेला दिसत नव्हतं, आज्ञा काय करतेय ते त्याला. त्याच्या मते मशीनला दर आठवड्याला एक खोड लागत होती. उपाय म्हणजे एका ओळीची आज्ञा. विंगेट, चॉकलेटी आणि ॲप्ट, तिघांतही एखादी वस्तू आहे त्या आवृत्तीवर खिळवून ठेवता येते. ती आज्ञा मी त्याच्याच हातानं द्यायला लावली, आणि पोर्टल बदललं की खिळा काढायचा हेही त्यालाच लिहून दिलं. जुना जावा ठेवणं धोक्याचं आहे, म्हणून त्या मशीनवर त्या पोर्टलशिवाय ब्राउझरमध्ये दुसरं काही उघडायचं नाही असं ठरलं, आणि तो मुलगा ते पाळतो.

पेनड्राइव्हचा प्रश्न बंदी घालून सुटला नसता. पेनड्राइव्ह येतो कारण नेट नसतं. म्हणून आता प्रत्येक केंद्राच्या मशीनवर एक फोल्डर आहे. विंगेटला वस्तू न बसवता नुसता सेटप उतरवून ठेवायला सांगता येतं, तसे सगळ्या रोजच्या वस्तूंचे सेटप नेट असेल तेव्हा त्यात येऊन पडतात. कंपनीचेच, विंगेट स्वतः वापरतं त्याच प्रकारचे. रांग लागली, काहीतरी बिघडलं, काढून परत टाकायचं आहे? टाका, पण इथून टाका. असं हातानं टाकलेलं रेजिस्ट्रीत त्याच नावानं आणि त्याच क्रमांकानं लिहिलं जातं, आणि शनिवारी विंगेटला त्याची ओळख पटते. त्या मुलीला फोन लावत बसावं लागत नाही, रांगेतल्या माणसाला थांबावं लागत नाही.

दुसरं म्हणजे शनिवारच्या आज्ञेला मी एक काम वाढवलं. ती आता नुसती नोंद वाचत नाही. प्रोग्रामच्या फोल्डरांत फिरते, तिथल्या फायलींची आवृत्ती काढते आणि यादीशी ताडते. डिस्कवर आहे पण यादीत नाही, यादीत आहे पण डिस्कवर नाही, दोन्हीकडं आहे पण आकडा जुळत नाही, एवढंच एका कागदावर छापते. कागद सोमवारी सकाळी काउंटरवरच्या माणसाच्या हाती पडतो. मी मुद्दाम तो स्वतःकडं मागवत नाही. का टाकलं होतं, अजून लागतं का, याचं उत्तर त्याच्याकडं असतं, माझ्याकडं नसतं. नेरडीगोंड्याच्या केंद्रातली ती मुलगी त्यावर पेननं तेलुगूत लिहिते आणि फोटो पाठवते. तिच्या एका शेऱ्यामुळंच मला कळलं की छपाईसाठी म्हणून टाकलेला एक प्रोग्राम खरं तर आधारच्या पत्त्यातली अक्षरं नीट दिसावीत म्हणून लागत होता. तो कागद माझ्याकडं आला असता तर मी तो प्रोग्राम काढून टाकला असता.

मॅकवरच्या होमब्रूमध्ये एक सोय आहे ती विंगेटमध्ये यावी असं मला फार वाटतं. हातानं टाकलेला प्रोग्राम आधीच जागेवर असला तर तो न काढता, आता हा माझ्याकडं लाव, असं त्याला सांगता येतं. चॉकलेटीत फिरवून तसं करता येतं: सेटप न चालवता नुसती नोंद करायची. दोन्हीकडं माणसाला येऊन सांगता येतं की हे मी हातानं केलंय, लिहून घ्या. विंगेट मात्र अजून स्वतःच्याच अंदाजावर चालतं.

आणि ज्या दोन गोष्टींवर सगळं काउंटर उभं आहे, सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि अंगठ्याच्या मशीनची सेवा, त्यांतली एकही आमच्या मॉडेलची विंगेटच्या सूचीत मला सापडली नाही. त्यांच्यासाठी मी स्वतः विंगेटच्या रीतीची माहितीपत्रकं लिहिली आहेत: नाव, आवृत्ती, सेटप कुठून आणायचा, त्याचा ठसा काय. मशीनवर अशी घरची पत्रकं चालवायची परवानगी एकदा चालू करावी लागते. मग ठसा जुळला तरच सेटप बसतो, पेनड्राइव्हवरचा शिजवलेला बसत नाही. बनवणारे त्याच पत्त्यावर न सांगता नवा सेटप ठेवतात तेव्हा ठसा बदलतो आणि पत्रक पुन्हा लिहावं लागतं. अंगठ्याच्या सेवेचा सेटप नुकताच असा बदलला. नवा ठसा घालून इचोड्याच्या मशीनवर चालवून बघितला, तिथं सेवा उठली आणि अंगठाही घेतला. बोथचं बाकी आहे, नेरडीगोंड्याचं या शनिवारी करायचं ठरलंय, केंद्र बंद झाल्यावर.